चार इस्पिकवरचा डबल

७ ऑक्टोबर, रविवार

अंतिम सामना चार गुणांनी हरलो. चोवीस डावांपैकी तेवीस डावांबद्दल माझी काही तक्रार नाही. हार एकविसाव्या डावात झाली, आणि ती माझ्या धाकट्या भावाच्या एका बोलीमुळे झाली. रागाच्या भरात सुचलेले विधान राग ओसरल्यावर तपासून घ्यावे, असे मी तर्कशास्त्राच्या वर्गात चाळीस वर्षे सांगत आलो. म्हणून संध्याकाळचा चहा होईपर्यंत थांबलो आणि मग लिहायला बसलो. विधान होते तेच राहिले.

डाव मांडून ठेवतो. क्लबसाठी निवाडे लिहिताना ब्रिज न खेळणाऱ्यालाही कळेल असे लिहिण्याची मला सवय आहे. ती इथेही मोडत नाही. समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार असतात. पाने टाकण्याआधी बोली लागते, की अमुक रंग हुकूम धरून आम्ही इतके हात करू. मी बदाम बोललो. डावीकडच्या वकिलाने इस्पिक बोलून अडवले. धाकटा चार बदामवर गेला, त्यावर उजवीकडून चार इस्पिक आले. माझ्या हातात इस्पिकचे राजा, राणी आणि दश्शी होती. त्यांची बोली बुडणार हे उघड होते. मी डबल दिला. डबल म्हणजे, तुमची बोली फसणार आहे आणि फसल्याचा दंड आम्हांला वाढीव दराने हवा. त्यानंतर जोडीदाराने पास म्हणायचे असते. धाकटा पाच बदाम बोलला, म्हणजे तेरांपैकी अकरा हात. तीन एक्के प्रतिस्पर्ध्यांकडे होते. आम्हांला एक हात कमी पडला. त्यांचे चार इस्पिक दोन हातांनी बुडले असते.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. माझ्या डबलनंतर वकिलाने, नियमाप्रमाणे, त्याचा अर्थ धाकट्याला विचारला. धाकटा स्वच्छ आवाजात म्हणाला, "पुढे जायचं का थांबायचं, ते त्यानं माझ्यावर सोडलंय." मी त्याच्याकडे पाहिले. पुढे जायचे ज्याचे आधीच ठरलेले असते, तो आपल्या सोयीचे वाक्य जोडीदाराच्या तोंडी घालतो. या दोषाला शास्त्रात नाव आहे.

परतल्यावर नेहमीप्रमाणे माझ्या खोलीत उजळणी झाली. सव्वीस वर्षे दर रविवारी पाच ते सहा आम्ही डावांचे कागद घेऊन बसतो. मी चुका दाखवतो, तो ऐकतो. एकविसाव्या डावाला वीस मिनिटे लागली. तो शेवटी म्हणाला, "बरं दादा," आणि खालच्या मजल्यावर आपल्या घरी गेला. चहा प्याला नाही.

१० ऑक्टोबर, बुधवार

मेट्रनबाई आल्या होत्या. इस्पितळातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षे झाली, पण क्लबच्या अध्यक्षपदाची खुर्चीही त्या वॉर्डातल्या टेबलासारखीच चालवतात. डिसेंबरात बाहेरगावी मोठी स्पर्धा आहे. क्लबला दोन जोड्या पाठवायच्या आहेत. एक ठरली आहे. दुसरी आमची असायला हवी होती, पण एकविसाव्या डावावरून निवड समितीत दोन तट पडले आहेत. समितीला त्या डावावर निवाडा हवा आहे. बोली समर्थनीय ठरली तर आमची जोडी जाईल. अक्षम्य ठरली तर धाकटा गळेल आणि मला दुसरा जोडीदार दिला जाईल.

निवाडे मीच लिहितो, पण इथे मी स्वतःच पक्षकार आहे, असे मी स्पष्ट सांगितले. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही सख्ख्या भावालासुद्धा सोडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याकडे आले."

माझ्या निःपक्षपातीपणाला इतकी नेमकी पावती आजवर कोणी दिली नव्हती. मी काम स्वीकारले.

ही चहाचे कप उचलताना म्हणाली, "बाईंनी कौतुक केलं असं वाटलं का तुम्हाला?" मी होय म्हणालो. ती आत निघून गेली.

१४ ऑक्टोबर, रविवार

आमच्या क्लबात वादग्रस्त डाव निनावी करून पाठवायची पद्धत आहे. त्या सामन्यात नसलेल्या पाच खेळाडूंना एकाच हाताची तेरा पाने आणि तोवरची बोली कागदावर लिहून देतात. कोणाचा हात, पुढे काय झाले, कोण हरले, काही कळवत नाहीत. प्रत्येकाने आपण काय बोललो असतो एवढेच लिहायचे. ही पद्धत मीच सुरू केली. परिणामावरून निर्णयाची किंमत करणे हा आळशी माणसांचा न्याय आहे. निर्णयाच्या क्षणी जे माहीत होते, त्यावरूनच निर्णय तपासायचा.

आज प्रश्न लिहून काढला. धाकट्याचा हात मांडला: बदामची पाच पाने, इस्पिकचे एकच, बाकी बेताचे. खाली लिहिले, "तुमच्या जोडीदाराने चार इस्पिकवर दंडासाठी डबल दिला आहे. तुम्ही काय बोलाल?"

तीनदा वाचून पाहिले. एकही अनावश्यक शब्द नाही.

धाकटा उजळणीला आला नाही. आज खेळच नव्हता, म्हणजे उजळणीलाही काही कारण नव्हते. तरी तो सहसा येतो. हिने जिन्यात त्याला विचारले, तर म्हणाला की स्पर्धेसाठी बॅग घेतली आहे, चाकांची. दुकानदाराने एक चाक वाकडे दिले ते बदलायला चाललो आहे. मोजणी खात्यात असताना त्याला कधी सुटी मिळाली नाही. सव्वीस वर्षांत आम्ही बाहेरच्या स्पर्धेला गेलो नाही, याचे कारण तेच. ही म्हणाली, "बॅग घेतलीय त्यानं. लक्षात ठेवा." बॅगेचा बोलीशी काय संबंध, असे मी विचारले.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

पाचही उत्तरे आली. पाचही जण पास म्हणतात. एकाने शेरा मारला आहे, "पास. यात विचारायचं काय?"

फक्त दंतवैद्यबाईंनी फोन केला. बाई पंचेचाळिशीच्या, क्लबात दोन वर्षांपूर्वी आलेल्या. खेळ धारदार, पण शंका काढण्याची खोड आहे. त्यांनी विचारले, "सर, 'दंडासाठी' हा शब्द त्या जोडीच्या करारात आहे, का प्रश्न काढणाऱ्याचा आहे? कारण काही जोड्या तिथल्या डबलचा अर्थ वेगळा ठेवतात." मी म्हणालो की बहुतेक सगळे जग तो दंडासाठीच ठेवते. त्या म्हणाल्या, "जगाचं नाही विचारत. या दोघांचं विचारतेय." मी जरा तुटकपणे सांगितले की दिलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. त्यांनी पास कळवला.

पाचांचे एकमत याआधी दोनदाच झाले होते.

२१ ऑक्टोबर, रविवार

क्लबच्या सभेत निवाडा वाचला. दोन पाने होती. पहिल्यात डाव आणि पाच मते, दुसऱ्यात अनुमान. शेवटचे वाक्य पुष्कळ विचार करून ठेवले होते: "जोडीदाराने मिटवलेला प्रश्न पुन्हा उघडणे ही निर्णयातली चूक नसून विश्वासातली आहे." नियमानुसार नावे वाचली नाहीत, खोलीतल्या अकरा माणसांना ती माहीत होतीच.

धाकटा खिडकीजवळ बसला होता. मेट्रनबाईंनी विचारले, "ज्याची बोली आहे त्याला काही सांगायचं आहे का?" त्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, तो वाद घालील, आणि त्याला द्यायची तीन उत्तरे माझ्याजवळ तयार होती. तो म्हणाला, "नाही. दादानं सगळं लिहिलंय."

मौन म्हणजे संमती, असे मी एरवी मानत नाही. ते अनुमान कच्चे आहे. पण विचारल्यावरही प्रतिवाद न करणे आणि वर "सगळं लिहिलंय" म्हणणे, हा कबुलीजबाबच आहे.

समितीने लगेच निर्णय दिला. धाकटा गळला. दंतवैद्यबाई माझ्याबरोबर खेळतील.

घरी येताना आम्ही दोघे एकाच बसमध्ये होतो. तो पुढे बसला, मी मागे. रिकाम्या जागा पुष्कळ होत्या.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

ही चार दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. आज मी तिला संपूर्ण निवाडा वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवतो. मग म्हणाली, "अहो, तो लहानपणी पाटीवर बेरीज चुकला, तर तुम्ही पाटी पुसायचात का त्याला पुसायला लावायचात?"

मी म्हणालो की मी पुसत नसे. चूक दिसत राहिली पाहिजे.

"तेच विचारत होते," ती म्हणाली.

३० ऑक्टोबर, मंगळवार

आज जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहितो.

दंतवैद्यबाई सकाळी आल्या. तुमची बोलीची पद्धत लेखी असेल तर द्या, डिसेंबरपर्यंत पाठ करते, म्हणाल्या. आमचे करार एका हिरव्या वहीत आहेत. सगळे माझ्या अक्षरात, कलमवार. गेल्या काही वर्षांत ती उघडण्याची गरज पडली नव्हती, कारण ते करार मी केलेले होते आणि मला ते माहीत होते. वही काढून दिली. बाई तिथेच बसून वाचू लागल्या आणि सतराव्या कलमावर थांबल्या. वही फिरवून माझ्यापुढे ठेवली.

"आपण ताकदीने चारच्या बोलीला गेल्यावर प्रतिस्पर्ध्यांनी वर बोली लावल्यास: पास म्हणजे जोडीदाराने डबल द्यावा, त्यांना बुडवू. डबल म्हणजे मला पुढे जावेसे वाटते; निर्णय जोडीदाराचा." खाली मी तीन ओळींत कारण दिले आहे. सर्वसाधारण रिवाजाच्या उलट असला तरी हा करार अधिक तर्कशुद्ध का, ते. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. त्याखाली धाकट्याच्या बारीक अक्षरात, "वाचले. पटले. लक्षात ठेवीन."

बाई म्हणाल्या, "सर, मी क्लिनिकला जाते. वही नंतर नेईन."

म्हणजे मला पास म्हणायला हवे होते. डबल देऊन मी त्याला पुढे जायला बोलावले, आणि त्याच्या हातात बदामची पाच पाने असताना तो आला.

३१ ऑक्टोबर, बुधवार

एक युक्तिवाद सुचतो. अकरा वर्षांत ज्या कराराचा वापर झाला नाही तो लोपला, असे मानता येईल काय? अशी बोली तीन-चार वर्षांतून एकदा येते. मधल्या वेळी आम्ही काय केले ते आठवत नाही. वापर न झालेला करार लोपला असेल, तर सर्वसाधारण रिवाज लागू होतो आणि निवाडा टिकतो.

दुपारी जुने कागद चाळले. सहा वर्षांपूर्वी हीच वेळ आली होती. मी डबल दिला, धाकटा पुढे गेला, बोली जमली. कागदावर माझाच शेरा आहे: "कलम सतरा. उत्तम."

युक्तिवाद मागे घेतो.

३ नोव्हेंबर, शनिवार

निवाड्यात अनुमान चुकलेले नाही. आधारविधाने मान्य केली तर निष्कर्ष अटळ आहे. चूक आधारविधानात होती. जे सिद्ध करायचे तेच मी प्रश्नात घालून पाच जणांना विचारले, आणि त्यांनी ते मला परत केले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे केले असते, तर मी उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवली असती.

हिला सांगितले. मला वाटले होते, ती काहीतरी बोचरे बोलेल. ती म्हणाली, "मंगळवारी कळलं ना तुम्हाला? आज शनिवार." एवढेच.

मी म्हणालो की दुरुस्तीचा मसुदा नीट झाल्याखेरीज खाली जाण्यात अर्थ नव्हता. मसुदा आज झाला.

४ नोव्हेंबर, रविवार

पाच वाजता खाली गेलो. त्या घरी मी किती वर्षांनी गेलो हे मोजून पाहिले. जिना वीस पायऱ्यांचा आहे आणि त्या दाराशी मी तीन वर्षांनी थांबलो. नेहमी तोच वर येतो. भावजयीने दार उघडले, "या भाऊजी" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. धाकटा जेवणाच्या टेबलाशी एक घड्याळ उघडून बसला होता. त्याने भिंग बाजूला ठेवले.

मी मसुदा वाचून दाखवला. सतरावे कलम, माझे विस्मरण, प्रश्नातला दोष, निवाडा रद्द. तो शांतपणे ऐकत होता. मी विचारले की त्यात काही राहिले आहे का.

"नाही, छान लिहिलंयस," तो म्हणाला.

"तुला कलम आठवत होतं."

"मी टेबलावर मोठ्यानं सांगितलं होतं, दादा. वकिलानं विचारल्यावर. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आठवलं तुला."

उजळणीच्या वेळी तो बोलला का नाही, असे मी विचारले. वीस मिनिटे होती त्याच्याजवळ.

"उजळणीत मी कधी बोललोय?"

मी आठवून पाहिले. मग विचारले, की सभेत मेट्रनबाईंनी सरळ विचारले होते, तेव्हा काय हरकत होती. वही दाखवली असती तर एका मिनिटात निकाल लागला असता.

"तुझी वही, तुझं अक्षर. अकरा माणसांपुढे मी ती उघडायची?" तो घड्याळाच्या चकत्या एका रेषेत लावत होता. "पहिले दोन आठवडे वाट बघितली, तू येशील म्हणून. मग वाटायला लागलं, नको येऊस."

का, असे मी विचारले. त्याने मान वर केली.

"रविवारी पाच वाजले की मला जिना चढायला नको व्हायचं, दादा. सव्वीस वर्षं. मला वाटायचं, खेळच नकोसा झालाय."

मी म्हणालो की मसुदा उद्याच देतो, जोडी पुन्हा निवडली जाईल, डिसेंबरात आपण जाऊ; आणि उजळणी बंद ठेवता येईल, किंवा अर्ध्या तासावर आणता येईल. तो हसला. उपहास नव्हता, असता तर मला सोपे गेले असते.

"तू मसुदा दे. तुला द्यावासा वाटत असेल तर दे. मी नाही येणार."

"कारण?"

"आता सांगितलं ना," तो म्हणाला, आणि भिंग डोळ्याला लावले.

चहा आला. मी घेतला. भावजयीने विचारले, साखर बरोबर आहे का. मी म्हणालो, किंचित जास्त आहे.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

समितीने दुरुस्ती स्वीकारली. मेट्रनबाईंनी ती सभेत स्वतः वाचली. मला वाचू दिली नाही. पूर्वीचा निवाडा रद्द झाला, आमची जोडी पुन्हा निवडली गेली. धाकट्याला पत्र गेले. त्याने त्याच पत्राच्या पाठीवर लिहून पाठवले: "आभारी आहे. मला खेळायचे नाही."

निवड जोडीची असते; तो नाही म्हणजे मीही नाही. दंतवैद्यबाईंना दरम्यान दुसरा जोडीदार मिळाला; त्यांनीच मागून घेतला, असे कळते. मेट्रनबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "सर, कोणाशी तरी जोडी जमवा, बघू पुढच्या वर्षी." मी विचारले की क्लबात माझ्याबरोबर खेळायला कोण तयार आहे. त्यांनी खरेच विचार केला. मग म्हणाल्या, "मी विचारून ठेवते."

निर्णय न्याय्य आहे. यावर माझा आक्षेप नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

पाच वाजता खोलीत बसलो. जुन्या डावांचे कागद होते, पण एकट्याने चुका दाखवण्यात हशील नाही, असे ध्यानात आले. गॅलरीचे दार उघडे होते. खाली धाकट्याच्या गॅलरीत पत्ते चालले होते. तो, भावजय, आणि शेजारचे शिंपी नवरा-बायको. ब्रिज! भावजयीला ब्रिज येणार नाही, असे मी वीस वर्षांपूर्वी दोन रविवार शिकवून ठरवले होते, आणि तेव्हापासून तिने पत्त्यांना हात लावला नव्हता.

बोली ऐकू येत होती. शिंपी दोन इस्पिकवर पोचले होते. धाकट्याने आधी चौकट बोललेली होती. भावजय खूप वेळ थांबली आणि पास म्हणाली. इस्पिक आरामात जमले. मग डाव संपल्यावर धाकट्याने विचारले, "चौकटची किती होती गं तुझ्याकडे?"

"पाच."

"पाच? आणि पास?"

"घाबरले."

मी कान देऊन ऐकत होतो, तो आता काय सांगतो म्हणून. कारण इथे सांगण्यासारखे स्पष्ट आणि थोडके होते. तो हसू लागला. मग तीही हसू लागली, आणि शिंप्याची बायको काहीतरी म्हणाली ते हसण्यात ऐकू आले नाही. "वाट पुढचा," धाकटा म्हणाला. त्याचा तो आवाज मी टेबलावर कधी ऐकलेला नाही.

मी उठून कठड्यापर्यंत गेलो. ही मागे दारात उभी होती. म्हणाली, "आत या."

मी आत आलो आणि दार लावून घेतले. जोडीदाराच्या रंगाची पाच पाने हातात असताना दोन इस्पिकवर पास म्हणणे चूक आहे. तीन चौकट बोलायला हवे होते. कोणीतरी तिला ते सांगायला हवे.